पात्रतेची पडताळणी : अर्जाआधी की अर्जातून?

परदेशात नोकरी शोधण्याच्या हेतूने व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याने त्या व्हिसाच्या अटी स्वतःला लागू पडतात की नाही हे आधी तपासावे, की अर्ज दाखल करून तो निर्णय दूतावासावर सोपवावा, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा वाटतो. परंतु त्यात कायद्याचे वाचन, कागदपत्रांची अवस्था, पैशाची जोखीम आणि माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज या साऱ्या गोष्टी गुंतलेल्या असल्यामुळे त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. येथे या प्रश्नाचा विचार जर्मनीच्या 'ऑपॉर्च्युनिटी कार्ड'च्या संदर्भात केला आहे. १ जून २०२४ पासून लागू झालेली ही परवानगी नोकरीचा करार हाती नसतानाही नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत जास्तीत जास्त एक वर्ष राहू देते, आणि त्या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंत अर्धवेळ काम करण्याची मुभा देते. महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध थेट आहे, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांना वर्षाकाठी द्यावयाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जाहीर केले. त्यामुळे आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या घरी आज हा विषय रोज निघतो.

या प्रश्नावरच्या दोन भूमिका पुढे दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत शासकीय आयटीआयमधून निवृत्त झालेले शिल्पनिदेशक, म्हणजे कार्यशाळेत उभे राहून प्रत्यक्ष व्यवसाय शिकवणारे शिक्षक. दुसऱ्या आहेत औद्योगिक पट्ट्यातील कामगारांना जर्मन शिकवणाऱ्या शिक्षिका. यंत्रावर उभे राहून आयुष्य काढलेला माणूस मोजमापाच्या बाजूने बोलेल आणि भाषा शिकवणारी व्यक्ती धाडसाच्या, अशी अपेक्षा असू शकते. प्रत्यक्षात त्यांची बाजू उलट आहे, आणि दोघांनाही ती आपापल्या विद्यार्थ्यांनीच शिकवली आहे.

निदेशक : "मॅडम, आयटीआयला येणारा मुलगा पुष्कळदा घरातला पहिलाच शिकलेला असतो, आणि त्याला नियम वाचायला बसवले की स्वतःच्या विरुद्ध जाणारी ओळ तेवढी तो नेमकी हुडकून काढतो. टक्के कमी आहेत, संस्था तालुक्याची आहे, बोलता येत नाही, म्हणजे हे आपले काम नव्हे, असे म्हणून तो कागद मिटून ठेवतो; आणि त्याच्याहून कच्च्या हाताचा, पण शहरात वाढलेला मुलगा बेधडक अर्ज करून निघून जातो. पात्र कोण हे ठरवण्यासाठी दूतावासाने पगारी माणसे नेमलेली आहेत. तो निवाडा या मुलाने स्वतःविरुद्ध आधीच का देऊन टाकावा?"

शिक्षिका : "सर, तो मुलगा करतो त्याला पडताळणी म्हणताच येणार नाही. टक्के किती हवेत याबद्दल या कार्डाच्या अटींत एक अक्षरही नाही, आणि संस्था तालुक्याची की शहराची हेही कुणी विचारत नाही. प्रमाणपत्राला आपल्या देशाच्या शासनाची मान्यता आहे का आणि शिक्षण किती काळाचे होते, एवढेच विचारतात. हा मुलगा नियम न वाचता घाबरला, आणि तो बेधडक निघालेलाही नियम न वाचताच निघाला. दोघांनी एकच गोष्ट केलेली नाही."

शिक्षिकांच्या या उत्तरात सबंध वादाचे मूळ आहे. पडताळणी माणसाच्या लायकीची करावयाची नसते. ती कागद, तारखा आणि कालावधी यांची करावयाची असते. या कार्डाची रचना दोन टप्प्यांची आहे. ज्याच्या शिक्षणाला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळालेली आहे, म्हणजे ते तेथील शिक्षणाच्या तोडीचे असल्याचे तेथील यंत्रणेने ठरवले आहे, त्याला गुणांची गरजच नसते. इतरांना आधी पायाच्या अटी पूर्ण कराव्या लागतात : स्वदेशात शासनमान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण, जर्मन भाषा ए-१ पातळीपर्यंत किंवा इंग्रजी बी-२ पातळीपर्यंत, आणि वर्षभर राहण्यापुरता पैसा. भाषेच्या या पातळ्या युरोपातील सामाईक सहापायरी मोजपट्टीवरच्या असून त्यात ए-१ ही पहिली पायरी आहे. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्यानंतरच गुणांचा तक्ता उघडतो आणि त्यात किमान सहा गुण लागतात. पायाची एक अट जरी अपुरी राहिली तरी तक्त्यातील गुण कितीही भरोत, त्यांचा उपयोग होत नाही. हा भेद ठाऊक नसल्यामुळे होणारे नुकसान सर्वांत मोठे असते, आणि निदेशकांना ज्या उदाहरणाने सर्वाधिक वेदना होतात तेही याच ठिकाणचे आहे.

निदेशक : "आपल्याकडे फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय दोन वर्षांचे आहेत, पण वेल्डर एक वर्षाचा. भोसरीच्या कारखान्यात पंधरा वर्षे दाबपात्रांचे सांधे जोडणारा वेल्डर, ज्याचा सांधा एक्स-रे चाचणीत परत आला नाही, तो अपात्र. आणि कालपरवा पास झालेला फिटर मात्र निदान दारापर्यंत पोहोचतो. हा न्याय कुठला? म्हणून म्हणणे आहे की अर्ज करू द्या, अधिकारी माणूसच असतो, पंधरा वर्षांचा अनुभव पाहून तो विचार करेल."

शिक्षिका : "अन्याय आहे, हे मान्य. पण तो अन्याय दूर करण्याचा अधिकार खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला कायद्याने दिलेला नाही. ज्या अटीत 'किमान दोन वर्षे' असे लिहिले आहे तिथे त्याने एक वर्ष चालवून घेतले तर तोच अडचणीत येईल. वेल्डरला वेळीच सांगितले असते की हे कार्ड तुझ्यासाठी नाही, पण जर्मनीतील उमेदवारीचा, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्याच्या 'आउसबिल्डुंग'चा मार्ग तुला मोकळा आहे, त्यासाठी तिथल्या कंपनीचा करार आणि साधारण बी-१ पर्यंतची जर्मन लागते, तर त्याने दीड वर्ष भाषेत घातले असते. तुमच्या पद्धतीने त्याचे ते दीड वर्ष नकाराची वाट पाहण्यात गेले असते."

निदेशकांना हे उत्तर पटत नाही असे नव्हे. पंधरा वर्षांच्या कसबी कामगाराने पुन्हा उमेदवार म्हणून उभे राहावे यातला अपमान त्यांना सलतो, आणि तो सलणे रास्तच आहे. हाताचे कौशल्य कागदावर उमटत नसेल तर ते नसल्यासारखे धरायचे ही राज्यव्यवस्थेची पद्धत परदेशातही आहे आणि भारतातही आहे. मात्र व्हिसाच्या अर्जात त्या पद्धतीशी भांडता येत नाही.

गुणांच्या तक्त्याचे स्वरूप पाहिले म्हणजे पडताळणीचा खरा उपयोग कळतो. शिक्षणाला अंशतः मान्यता मिळाली असेल, किंवा परिचर्येसारख्या परवानाधीन व्यवसायात काही पूरक प्रशिक्षण घेण्याची अट घालून मान्यता मिळणार असेल, तर चार गुण मिळतात. शिक्षण पूर्ण झाल्यानंतर त्या शिक्षणाशी संबंधित कामाचा, गेल्या सात वर्षांतील किमान पाच वर्षांचा अनुभव असेल तर तीन, आणि गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांचा असेल तर दोन गुण. जर्मन ए-२ असेल तर एक, बी-१ असेल तर दोन, बी-२ किंवा त्याहून वर असेल तर तीन. इंग्रजी सी-१ असेल तर आणखी एक. वय पस्तिशीपर्यंत असेल तर दोन आणि त्यापुढे चाळिशीपर्यंत एक. टंचाई असलेल्या व्यवसायातील शिक्षण, गेल्या पाच वर्षांत जर्मनीत सहा महिने कायदेशीर वास्तव्य, आणि पती किंवा पत्नीही त्याच कार्डाच्या अटी पूर्ण करून सोबत अर्ज करत असणे, यांचा प्रत्येकी एक गुण.

चौतीस वर्षांचा एक फिटर घ्यावा, ज्याने सलग अनुभव घेतला आहे आणि जर्मनची ए-१ परीक्षा दिली आहे. त्याच्या पायाच्या भाषेची अट पुरी होते, पण ए-१ ला गुण नाहीत. अनुभवाचे तीन आणि वयाचे दोन मिळून पाच भरतात. एका गुणासाठी त्याला ए-२ करावी लागेल, म्हणजे आणखी काही महिन्यांचा अभ्यास. मात्र त्या अभ्यासात त्याची पस्तिशी उलटली तर वयाचा एक गुण जातो, आणि ए-२ करूनही बेरीज पाचच राहते. मग त्याला बी-१ गाठावी लागते. अनुभवाचा हिशेबही असाच सरकता आहे, कारण सात वर्षांची चौकट दर महिन्याला पुढे सरकते. टाळेबंदीत गावी परतून ज्याने अडीच वर्षे शेती किंवा किराणा दुकान पाहिले आणि ती अडीच वर्षे सबंध त्या चौकटीत पडतात, त्याच्या व्यवसायाची साडेचारच वर्षे उरतात आणि तीन गुणांऐवजी दोनच मिळतात. वर्षभर थांबून तीच चौकट पुन्हा मोजली तर कदाचित तीन मिळतील, पण दरम्यान वय वाढलेले असेल.

येथे निदेशकांनी मांडलेला मुद्दा शिक्षिकांच्या भूमिकेतील उणीव दाखवतो.

निदेशक : "म्हणजे तपासत बसलेला माणूसही गुण गमावतो. पूर्वतयारीच्या नावाखाली दोन-दोन वर्षे काढणारी मुले तुमच्याच वर्गात आहेत, मॅडम. व्हिसाचे शुल्क ७५ युरो. नकार आला म्हणून कुणावर बंदी येत नाही, पुन्हा अर्ज करता येतो. मग एकदा खरा अर्ज करून कळून घेणे हीच सर्वांत खात्रीची पडताळणी नाही का?"

शिक्षिका : "वयाचे म्हणणे बरोबर आहे, आणि वर्गात पहिल्याच दिवशी जन्मतारीख विचारायला हवी हे तुमच्यामुळे लक्षात येते. पण नकाराची किंमत ७५ युरोच असते हे आता खरे राहिलेले नाही. पूर्वी नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे, त्याला शुल्क नव्हते, आणि राहून गेलेला कागद त्यासोबत जोडता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ती सोय सर्व देशांसाठी बंद केली. आता नकारानंतर दोनच वाटा : पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. शिवाय पुढच्या अर्जात आधीच्या नकाराविषयी विचारले तर ते खरे सांगावे लागते. दडवले तर ती खोटी माहिती ठरते, आणि खोट्या माहितीची शिक्षा नकारापेक्षा कितीतरी जड असते. तुम्हीच मुलांना शिकवले ना सर, की गज कापण्याआधी मोजायचा, कापल्यावर तो वाढत नाही?"

फेरविचाराची सोय बंद होण्याचा हा बदल भारतात पुरेसा चर्चिला गेलेला नाही. त्याने पडताळणीचे ओझे दूतावासाकडून अर्जदाराकडे सरकले आहे, आणि ज्याला कागद वाचून दाखवणारे घरात कुणी नाही त्याच्यावर ते सर्वाधिक पडले आहे. अर्ज करून पाहण्याची पद्धत ज्या काळात परवडत होती तो काळ संपला, असे या ठिकाणी स्पष्ट म्हणणे भाग आहे.

पैशाच्या अटीतही असेच. २०२५ साली या कार्डासाठी दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो दाखवावे लागत. त्याआधीच्या वर्षी हीच मासिक रक्कम १,०२७ युरो होती. ही रक्कम बहुतेक जण 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवतात, म्हणजे अशा खात्यात, ज्यातून जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ठरावीक हप्ताच काढता येतो. युरो शंभर रुपये धरला तर ही रक्कम तेरा लाखांच्या पुढे जाते. तेथील अर्धवेळ नोकरीचा करार हाती असल्यास त्या मानाने कमी रक्कम चालू शकते. गेल्या वर्षी कुणी तरी सांगितलेल्या आकड्यावर सोने गहाण ठेवून उभी केलेली रक्कम अर्जाच्या दिवशी अपुरी ठरणे, हे आकडा त्या दिवशी पुन्हा न पाहिल्याने घडते. नियम एकदा वाचून भागत नाही. पहिल्या विचाराच्या वेळी, पैसे बांधण्याआधी आणि अर्ज पाठवण्याच्या दिवशी ते वाचावे लागतात. ब्रिटनमध्ये कुशल कामगारांच्या व्हिसासाठी लागणारा किमान वार्षिक पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर गेला, एवढे सांगितले तरी हे पुरेसे स्पष्ट व्हावे.

वादाचा सर्वांत जिवंत भाग मात्र अनुभवाच्या दाखल्यापाशी येतो, कारण तेथे दोघांनाही आपापली माणसे समोर दिसतात. चाकण किंवा भोसरीच्या पट्ट्यात मोठ्या कारखान्यात काम करणारे अनेक जण कारखान्याच्या पटावर नसून मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या पटावर असतात. माणूस सहा वर्षे सीएनसी यंत्र चालवतो, पण ठेकेदाराने दिलेल्या पत्रावर हुद्दा 'हेल्पर' असतो, कामाचे वर्णन एका ओळीचे असते आणि रुजू झाल्याची तारीख भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीशी जुळत नाही. कायदा शिक्षणाशी संबंधित अनुभव मागतो. 'हेल्पर' या शब्दातून तो संबंध सिद्ध होत नाही.

निदेशक : "ठेकेदार दोन वर्षांनी बदलतो. जुना ठेकेदार गाव सोडून गेला, तर या मुलाने पत्र आणायचे कुणाकडून?"

शिक्षिका : "म्हणूनच अर्जाच्या आठवड्यात नव्हे, काम सोडण्याच्या दिवशीच पत्र घ्यायचे. हुद्दा, यंत्र, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, सुरुवात आणि शेवट या गोष्टी त्यात असाव्यात, आणि भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक व पगारपत्रके सोबत जपावीत. यातले काहीही जर्मनीविषयी नाही सर, हे इथेच करायचे आहे."

नावाचा प्रश्नही असाच घरगुती दिसतो आणि अर्ज अडवतो. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव अशी मांडणी असते. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर कधी वडिलांचे नाव गळते, कधी स्पेलिंगमधले एखादे अक्षर बदलते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे शिक्षण माहेरच्या नावाने आणि पारपत्र सासरच्या नावाने असते, आणि मधला दुवा जोडण्यासाठी विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद लागते. हे कागद मिळवायला अवघड नसतात, पण वेळ घेतात.

शिक्षणाच्या मान्यतेची तपासणी जर्मनीतील दोन ठिकाणांवरून होते. 'अनाबिन' ही परदेशी विद्यापीठे व पदव्या यांची खुली सूची आहे. विद्यापीठापुढे 'एच प्लस' अशी खूण असणे आणि ती विशिष्ट पदवीही तुल्य म्हणून नोंदलेली असणे, अशा दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात, आणि पुष्कळ पदवीधर पहिलीच पाहून समाधान मानतात. फिटर किंवा तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक यांच्यासाठी मात्र ती सूची पुरत नाही. परदेशी शिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्या जर्मनीच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून आपले प्रमाणपत्र स्वदेशात शासनमान्य असून शिक्षण किमान दोन वर्षांचे आहे, असे निवेदन अर्जापूर्वीच मागवावे लागते. पडताळणी अर्जाआधीच व्हावी हे शिक्षिकांचे म्हणणे येथे मताचा विषय राहत नाही, कारण कायद्यानेच अर्जाच्या आधी एक पडताळणी घालून ठेवली आहे.

गुणांची पद्धत जगात प्रथम कॅनडाने १९६७ मध्ये आणली, पण आज कॅनडातील गुण आणि जर्मनीतील गुण एकाच अर्थाचे नाहीत. कॅनडाच्या 'एक्स्प्रेस एन्ट्री' पद्धतीत पात्र ठरलेल्यांची क्रमवारी लागते आणि आमंत्रणासाठी लागणारा आकडा दर फेरीला बदलतो. ऑस्ट्रेलियात ६५ गुण ही अर्जाची किमान रेषा आहे, तिथे पोहोचलेल्या प्रत्येकाला बोलावणे येत नाही. जर्मनीत सहा ही रेषा स्थिर आहे. तथापि सहा गुण भरले म्हणून कार्ड मिळण्याचा हक्क निर्माण होत नाही. कायद्याची भाषा 'देता येईल' अशी आहे, आणि या व्यवसायात या भाषेनिशी वर्षभरात नोकरी मिळण्याचा संभव आहे का, हे अधिकारी पाहू शकतो.

निदेशकांनी शेवटी नेमके हेच धरले. "सहा गुण घेऊन गेलेला मुलगा वर्षभरात नोकरी न मिळता परत आला, तर तुमच्या पडताळणीने काय राखले?" असे त्यांनी विचारले, तेव्हा शिक्षिकांनी मान्य केले की व्हिसाच्या अटींची तपासणी आणि परदेशी जाण्याच्या निर्णयाची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीची जागा घेत नाही. ए-१ जर्मनवर व्हिसाची अट पुरी होते, परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्गमधील एखाद्या छोट्या कारखान्यातला फोरमन ए-१ वर काम सांगू शकत नाही. त्याच ओघात दलालांचा विषय निघाला. परदेशी मालकासाठी माणसे भरणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. ऑपॉर्च्युनिटी कार्डाच्या वेळी तर मालक अजून ठरलेलाच नसतो, तेव्हा या कार्डावर नोकरी 'लावून देतो' म्हणणारा माणूस कार्ड काय आहे हेच लपवतो आहे, याबाबत दोघांत दुमत नव्हते.

एकमत आणखी एका ठिकाणी झाले. पडताळणी आज ज्याच्याकडे पैसा, इंग्रजी आणि शहरातला ओळखीचा माणूस आहे त्यालाच जमते, आणि म्हणून ती आयटीआयच्या शेवटच्या सत्रातच प्रत्येकासाठी व्हावी, असे निदेशकांनी सुचवले : दहावी, पारपत्र आणि व्यवसाय प्रमाणपत्र यांवरील नाव जुळते का, व्यवसायाचा कालावधी किती, वेल्डरसारख्या एकवर्षीय व्यवसायातील मुलाला दुसरा कोणता मार्ग खुला आहे, आणि पुढे अनुभवाचे पत्र कोणत्या नमुन्यात मागायचे, हे तेथेच सांगितले जावे. शिक्षिकांनी त्यात जर्मन सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' या संकेतस्थळावरील स्वयंतपासणीची भर घातली, आणि ती निदेशकासमोर बसून करावी, एकट्याने नको, असे म्हटले. एकटा मुलगा पुन्हा स्वतःविरुद्धच उत्तरे भरील, ही निदेशकांची भीती त्यांनी आता स्वीकारली होती. पाच गुणांच्या, पस्तिशीला टेकलेल्या फिटरबाबत मात्र दोघे अखेरपर्यंत वेगळेच राहिले. त्याने ए-२ ची परीक्षा दिली असेल आणि निकाल हाती यायचा असेल तर अर्जाची वेळ आताच मागून ठेवावी आणि निकाल त्या दिवशी सोबत न्यावा, असे निदेशक म्हणाले. वेळ मागण्याला शिक्षिकांनी संमती दिली, पण निकालपत्र हाती आल्याशिवाय अर्ज पाठवू देणार नाही यावर त्या ठाम राहिल्या.